जुन्या कारचा गंज घरीच काढायचा आहे? आधी रंगाखालचा फुगा फोडून बघा

घरात दहा-पंधरा वर्षं जुनी मारुती ८००, अल्टो, वॅगनआर किंवा सँट्रो उभी असेल, तर एक काम करा. मोबाईलचा टॉर्च लावा आणि मागच्या चाकाच्या वरची कमान आतल्या बाजूने बघा. मग दाराची खालची कड, डिकीच्या रबराखालचा भाग आणि नंबर प्लेटच्या मागे बघा. रंग कुठे तांदळाच्या दाण्याएवढा फुगलेला दिसला, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

बरेच जण अशा फुग्याकडे बघून म्हणतात, "एवढंसं तर आहे, दिवाळीला टचअप मारू." गडबड इथेच होते. गंज वरून आत जातो असं आपल्याला वाटतं. पण रंग फुगलेला दिसतो तोपर्यंत गंजाने रंगाखाली बरीच जागा धरलेली असते. वर चणा दिसत असेल तर खाली लिंबाएवढा डाग निघाला, तरी नवल वाटून घेऊ नका.

वरठीत गाडी का गंजते?

वरठी म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं गाव. रेल्वेने येणाऱ्यांना ते "भंडारा रोड" म्हणून माहीत असतं, कारण मुंबई-हावडा लाईनवरचं भंडाऱ्याचं स्टेशन इथे आहे. सनफ्लॅगचा स्टीलचा कारखानाही इथलाच. वाहन उद्योगाला लागणारं खास मिश्र पोलाद तिथे सळ्यांच्या रूपात तयार होतं. म्हणजे गाडीच्या पोटात जाणारं पोलाद बनवणाऱ्या गावातच आपल्या गाडीचा पत्रा सडतोय! यात विरोधाभास वाटला तरी तो खरा नाही. गिअर, शाफ्ट यांच्यासाठी लागणारं जाड पोलाद वेगळं आणि बॉडीचा पत्रा वेगळा. हा पत्रा एक मिलीमीटरपेक्षाही पातळ असतो. त्याला वाचवणारी गोष्ट म्हणजे फक्त वरचा लेप, आणि रंग-प्रायमर सगळं धरून तो लेप मिलीमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढा असतो.

गंजायला लोखंडाला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि ऑक्सिजन. समुद्रकाठी मिठाची त्यात भर पडते, म्हणून रत्नागिरी किंवा मुंबईच्या गाड्या लवकर सडतात. आपल्याकडे खारी हवा नाही, पण चिखल आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या कडेने गाडी गेली की चाकाच्या कमानीत, आतल्या दुमडीत माती जाऊन बसते. वरून गाडी वाळलेली दिसते, पण ती माती आठ-आठ दिवस ओली राहते, म्हणजे पत्र्यावर ओलं फडकं बांधून ठेवल्यासारखंच झालं. पाऊस पडून गेल्यावर कोरडी होणारी गाडी तेवढी गंजत नाही. ओल धरून ठेवणारी गंजते.

मूळ लोखंडापेक्षा गंज दुपटीहून जास्त जागा घेतो. त्यामुळे तो रंगाला खालून वर ढकलतो आणि फुगा येतो. फुगा फुटला की पाण्याला नवी वाट मिळते. शिवाय गंजाचा थर भुसभुशीत असतो, ॲल्युमिनियमवरच्या थरासारखा तो आतल्या धातूला झाकत नाही. म्हणून "थोडा गंज आहे, आता थांबेल" असं होत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. रेल्वेलाईनजवळ गाडी लावत असाल आणि पांढऱ्या रंगावर सुईच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके पडले असतील, तर तो पत्र्याचा गंज नाही. चाकं आणि ब्रेक घासून उडालेले लोखंडाचे बारीक कण रंगावर बसतात आणि तिथेच गंजतात. खाली पत्रा ठणठणीत असतो. ते ठिपके क्ले बारने किंवा आयर्न रिमूव्हर नावाच्या द्रवाने निघतात. त्यासाठी पॉलिश पेपर घेऊन चांगला रंग खरवडू नका.

मोबाईलने काय होतं आणि काय होत नाही

आता आपल्या आवडीचा भाग. प्ले स्टोअरवर रंगाची जाडी किंवा पुट्टी ओळखून देतो म्हणणारी ॲप्स सापडतात. मोबाईलमध्ये रंगाची जाडी मोजणारा सेन्सरच नसतो. होकायंत्रासाठी एक चुंबकीय सेन्सर असतो आणि तो लोखंडाजवळ आकडे हलवतो, पण अर्धा मिलीमीटर पुट्टी आहे की तीन मिलीमीटर हे त्यावरून भरवशाने कळत नाही. त्यापेक्षा फ्रिजवरचं साधं चुंबक बरं. पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. चांगल्या पत्र्याला ते ओढ घेतं. जिथे ते सैल पडतं तिथे आधी कुणीतरी पुट्टी भरलेली आहे. जुनी गाडी विकत घेताना ही युक्ती दहा ॲप्सपेक्षा कामाची आहे. विकायच्या आधी सडलेल्या पत्र्यावर जाड पुट्टी थापून वर चकचकीत रंग मारणं हा धंदा सगळीकडे चालतो.

मोबाईल खरा कामाला येतो तो नोंद ठेवायला. डागाशेजारी दहा रुपयांचं नाणं धरून फोटो काढा. नाण्याचा व्यास २७ मिलीमीटर असतो, त्यामुळे डाग किती मोठा आहे हे फोटोतूनच कळतं. सहा महिन्यांनी तसाच फोटो काढला की गंज वाढतोय का, हे अंदाजाने सांगायची गरज उरत नाही. दुसरी उपयोगाची वस्तू म्हणजे ओटीजीने मोबाईलला जोडायचा वायरसारखा एंडोस्कोप कॅमेरा. ऑनलाईन तो स्वस्तात मिळतो. दाराच्या आत किंवा दारांखालच्या पोकळ पट्टीत घालून बघा. गंज बहुतेक वेळा आतून बाहेर येतो, आणि ते डोळ्यांनी दिसत नाही.

रंग जुळवायला फोटो वापरू नका. मोबाईलचा कॅमेरा उजेडाप्रमाणे रंग स्वतःच बदलतो, आणि एकाच गाडीचे सकाळ-संध्याकाळचे दोन फोटो वेगळे दिसतात. त्याऐवजी गाडीवरचा कलर कोड शोधा. बहुतेक गाड्यांत तो बोनट उघडल्यावर आतल्या पत्र्यावरच्या प्लेटवर किंवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. मारुतीच्या सुपीरिअर व्हाईटचा कोड २६यू आहे, तसाच प्रत्येक रंगाला असतो. पेंटच्या दुकानात तो सांगितला की रंग बनवून मिळतो. पण पंधरा वर्षं उन्हात उभ्या गाडीचा रंग उडालेला असतो, त्यामुळे कोड बरोबर असला तरी थोडा फरक दिसणारच. दुकानात जाताना पेट्रोलच्या झाकणाचा छोटा पत्रा काढून सोबत नेता आला, तर दुकानदार त्यावरून छटा जुळवून देतो.

घरी करायचं की नाही? हे आधी ठरवा

फुग्याच्या जागी जाड स्क्रूड्रायव्हर थोडा जोर लावून टेकवा. पत्रा कडक लागला तर गंज वरवरचा आहे आणि काम घरी होण्यासारखं आहे. टोक आत गेलं, भोक पडलं किंवा पत्रा बिस्किटासारखा तुटला, तर तिथे पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो. त्यासाठी डेंटरच पाहिजे.

आणि जागाही बघा. दाराचं पॅनल, बोनट, मडगार्ड इथला गंज दिसायला वाईट असतो, पण गाडीची ताकद त्यावर अवलंबून नसते. दारांखालची पोकळ पट्टी, फ्लोअर, चेसिसच्या पट्ट्या, सस्पेन्शन बसतं ते टॉवर आणि सीट बेल्टचा बोल्ट बसतो ती जागा, इथे गंजाने पत्रा खाल्ला असेल तर हात लावू नका. अपघातात झटका याच भागांनी सोसायचा असतो. त्यावर पुट्टी थापून रंग मारणं म्हणजे मोडलेल्या पायावर पायजमा घालणं. बाहेरून काही कळत नाही, आणि गाडीत आपली आई, लहान भाऊ बसतात. अशी गाडी ओळखीच्या, प्रामाणिक डेंटरला लिफ्टवर चढवून दाखवा. "वरून चोपून देतो" म्हणणाऱ्याला नको, "कापून दाखवतो" म्हणणाऱ्याला द्या.

याचा पैशाशीही संबंध आहे. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी परिवहन कार्यालयात दाखवून नूतनीकरण करावं लागतं. अर्ज मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो. एमएच ३६ वाल्यांना त्यासाठी भंडाऱ्याला जावं लागतं. एप्रिल २०२२ पासून ही फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली, शिवाय हरित कर वेगळा. त्यामुळे भरण्याच्या दिवशीचा आकडा परिवहनच्या पोर्टलवर बघूनच जा. म्हणजे २०११ ची गाडी असेल तर २०२६ मध्ये हा खर्च दारात उभा. आधी खालचा सांगाडा तपासा. तो सडलेला असेल तर नूतनीकरण, टायर, बॅटरी यांवर पैसे घालण्याआधी गाडी भंगारात द्यायचा विचार करा. सांगाडा चांगला असेल आणि फक्त कमानी फुगल्या असतील, तर गाडी ठेवण्यासारखी आहे. निदान माझं मत तसं आहे.

आवळा, कढई आणि रस्ट कन्व्हर्टर

दुकानात रस्ट कन्व्हर्टर नावाची बाटली मिळते. लाल गंजावर लावली की थोड्या वेळात तो काळा पडतो. ही जादू आपल्या स्वयंपाकघरात रोज चालते. लोखंडी कढईत आवळा शिजवला की भाजी काळी होते, कारण आवळ्यातलं टॅनिन लोखंडाशी संयोग पावतं आणि काळा पदार्थ तयार होतो. आपल्या जंगलातल्या हिरड्यातही भरपूर टॅनिन असतं. हिरडा आणि लोखंडाचं पाणी वापरून कापडावर काळा रंग चढवायची पद्धत तर फार जुनी आहे. बऱ्याच कन्व्हर्टरमध्ये हेच टॅनिक ॲसिड असतं, काहींत फॉस्फोरिक ॲसिड असतं. दोन्ही गंजाचं रूपांतर त्यापेक्षा स्थिर थरात करतात.

पण लक्षात घ्या, कन्व्हर्टर पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर काम करतो. पापुद्रे सुटलेल्या जाड गंजात तो खालपर्यंत पोहोचत नाही. वर काळं दिसतं, खाली लाल तसंच राहतं. म्हणून आधी घासायचं आणि खड्ड्यांच्या तळाशी जे उरेल तेवढ्यावरच कन्व्हर्टर लावायचा. चकचकीत पत्र्यावर त्याचा उपयोग नाही.

रील्समध्ये कोल्ड्रिंक, व्हिनेगर, लिंबू यांचे व्हिडिओ फिरतात. सुटे नट-बोल्ट भिजत घालायला ठीक आहे, त्यात थोडं आम्ल असतंच. गाडीच्या बॉडीवर मात्र चिकटपणा आणि पाणी एवढंच हाती लागतं. सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे संडास साफ करायचं ॲसिड लावणं. गंज पटकन निघतो हे खरं, पण त्यातलं क्लोराईड सांध्यात, दुमडीत राहतं आणि नंतर पत्रा दुप्पट जोमाने गंजतो. मिठाच्या हवेत जे घडतं तेच हे.

प्रत्यक्ष काम

दिवस आधी निवडा. पावसाळ्यात हे काम करू नका, आणि ऐन मे महिन्यातही नको. विदर्भाच्या मेच्या उन्हात स्प्रेचा थेंब पत्र्यावर पोहोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि रंग खरखरीत बसतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. वेदर ॲपमध्ये तापमानासोबत "ड्यू पॉइंट" म्हणजे दवबिंदू बघा. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त असावं, हा औद्योगिक रंगकामातला नियम आहे. पावसाळ्यात २६ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २४ च्या वर असतो, म्हणजे फरक दोन अंशांचाही नाही. डोळ्यांना न दिसणारी ओल प्रायमरखाली अडकते आणि सहा महिन्यांत फुगा परत येतो. हिवाळ्यात दुपारी २८ अंश आणि ४० टक्के आर्द्रता असली तर दवबिंदू १३ च्या आसपास असतो. मग बिनधास्त करा.

गाडी सावलीत लावा, साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. डोळ्यांवर गॉगल, हातात मोजे, तोंडावर मास्क घाला. डागाच्या चारी बाजूंनी मास्किंग टेप लावा, पण डागाला चिकटून नको, चांगला हातभर भाग मोकळा ठेवा. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने किंवा वायर ब्रशने घासायला लागा. थांबायचं कधी? सगळ्या बाजूंनी चांगला चमकणारा पत्रा दोन-तीन सेंटीमीटर दिसेपर्यंत. मूळ डागाच्या तिप्पट जागा उघडी पडली की अनेकांचा धीर सुटतो आणि ते तिथेच थांबतात. कडेला रंगाखाली राहिलेली केसाएवढी गंजाची रेघच पुढच्या वर्षी परत वर येते, त्यामुळे या टप्प्यावर घाई करू नका. अर्धा दिवस यातच गेला तरी चालेल. ग्राइंडर असेल तर हलक्या हाताने चालवा, पत्रा पातळ आहे, तापून वाकतो. पेट्रोल टाकीच्या तोंडाजवळ ठिणगी उडणारं कोणतंही मशीन नको.

घासून झालं की १८० आणि मग ३२० नंबरने रंगाची कड उतरती करा. बोट फिरवलं तर पायरी लागली नाही पाहिजे. खड्ड्यांत उरलेल्या काळपट-लाल ठिपक्यांवर कन्व्हर्टर लावा आणि बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ थांबा. फॉस्फोरिकवाला असेल तर नंतर धुवायचा की नाही, हेही बाटलीवरच बघा. यात अंदाज नको, कारण आम्ल शिल्लक राहिलं तर वरचा प्रायमर धरत नाही. शेवटी थिनरच्या स्वच्छ कापडाने एकदाच पुसा आणि त्यानंतर तिथे उघडं बोट लावू नका. हाताचं तेल आणि घामातलं मीठ, दोन्ही त्रास देतात.

यानंतर इपॉक्सी प्रायमर, आणि तो त्याच दिवशी. उघडा पत्रा रात्रभर ठेवला की सकाळी पुन्हा तांबूस दिसतो. पुट्टी प्रायमरच्या वर भरा. ही गोष्ट आपल्याकडचे बरेच पेंटरही उलटी करतात, थेट पत्र्यावर पुट्टी भरतात. पॉलिएस्टर पुट्टी ओल शोषते. खाली प्रायमर नसेल तर ती ओल सरळ लोखंडाला देते. हार्डनर अगदी थोडा लागतो, वजनाच्या साधारण २ टक्के. गरमीत पुट्टी काही मिनिटांत दगड होते, म्हणून लिंबाएवढीच कालवा. पुट्टीचं काम खड्डा सपाट करणं एवढंच आहे, ती भोक बुजवायला नसते. वाळली की ती कोरडीच घासा, १८० ने सुरुवात करून ३२० वर या. वर पुन्हा प्रायमर मारा, आणि तो वाळल्यावर ६०० चा वॉटर पेपर पाण्यात बुडवून हलका हात फिरवा.

रंग मारताना एकच जाड थर दिला की ओघळ आलाच. कॅन वीस-पंचवीस सेंटीमीटर लांब धरा, हात चालता ठेवा आणि तीन-चार पातळ थर द्या. प्रत्येक थरानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा. मेटॅलिक रंग असेल तर त्यावर क्लिअर कोट पाहिजेच, नाहीतर चमक येत नाही. हार्डनर मिसळायचा दोन भागांचा क्लिअर कोट जास्त टिकाऊ असतो, पण त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा होऊ शकतो. साधा कागदी मास्क तो अडवत नाही. योग्य मास्क नसेल तर ते काम पेंटरच्या बूथमध्ये करून घ्या, घरी एक भागाचाच कॅन वापरा. अंगणात शेगडी, सिगारेट, अगरबत्ती काहीच नको.

रंग हाताला वाळला तरी आतून कडक व्हायला काही आठवडे लागतात. तोवर वॅक्स-पॉलिश करू नका. आणि डाग ओळखूच येणार नाही अशी अपेक्षाही ठेवू नका. नीट बघणाऱ्याला कळेलच. गंज थांबला की काम झालं.

परत येऊ नये म्हणून

दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं असतात. काचेवरून आत गेलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. ती मातीने बुजली की दाराची टाकी होते आणि दार आतून सडतं. झाडूची काडी घालून पावसाळ्याआधी ती मोकळी करा. तार घालू नका, आतला रंग खरचटतो. पावसाळ्यात दर आठवड्याला पाईपने चाकांच्या कमानी आतून धुवा. फ्लोअर मॅट उचलून वाळवा, कारण ओल्या मॅटखाली फ्लोअर गुपचूप सडतो.

खालून जळकं ऑईल मारायची पद्धत आपल्याकडे आहे. मी ती सुचवणार नाही. ते रबराचे बुश फुगवतं, ब्रेकवर उडालं तर धोका, आणि पहिल्याच पावसात धुऊन बांधीत जातं. पोकळ भागांसाठी कॅव्हिटी वॅक्सचा स्प्रे मिळतो, तो बारीक नळीने आत मारता येतो. सर्व्हिस सेंटरमध्ये अंडरबॉडी कोटिंग करून घेणार असाल, तर आधी खालचा भाग लिफ्टवर स्वतः बघा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. स्वच्छ पत्र्यावर ते उत्तम काम करतं. गंजलेल्या पत्र्यावर मारलं तर ओल आतच कोंडते आणि वरच्या काळ्या रबरामुळे पुढची चार-पाच वर्षं काही दिसतही नाही.